सासूबाईंची कवळी

घरात कवळ्या बनवणारे दोन-दोन जण, आणि सासूबाईंच्या तोंडाचं बोळकं! लोक हसायचे. मला काडीचं हसू येत नव्हतं, कारण त्यांच्यासाठी रोज सगळं कुस्करायचं माझ्याच नशिबी होतं.

आमचे हे आणि माझे दीर एकाच कारखान्यात. दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप पाठवतात, हे दोघं त्यावर कवळी करून देतात. तिथे दिरांना म्हणतात 'झटपट' आणि ह्यांना 'उद्या'. सासूबाईंचं मागणं एकच, "एक सफरचंद कचकन चावून खायचंय गं. शिजवलेलं नको."

भाऊजींनी आठवड्याच्या आत कवळी आणून दिली. दुसऱ्याच घासाला सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हिरडीला फोड आला. मी म्हटलं, "भाऊजी, टोचतंय हो त्यांना."

"सवय होईल, वहिनी. पहिल्यांदा सगळेच कुरकुरतात," म्हणाले आणि फोन कानाला लावून गेलेसुद्धा. पुढची ऑर्डर होती ना!

हे भडकले. "आईच्या तोंडात असला कचरा?" म्हणत ती कवळी केराच्या डब्यात भिरकावली. "मी करतो." मला भरूनच आलं. म्हटलं, चला, सुटलो.

सुटतोय कसले! मेणावर दात लावले, काढले, पुन्हा लावले. मग सासूबाईंचा तरुणपणीचा फोटो शोधला, कारण पुढच्या दोन दातांमधली फट हुबेहूब यायला हवी. मग रंग पटेना. इकडे पातळ खाऊन खाऊन सासूबाई वाळत चालल्या. माणूस वाळलं की हिरडीही आकसते, हे मला ह्यांनीच सांगितलं. झालं, पुन्हा नवं माप, पुन्हा मेण.

"अहो, त्या खात नाहीत म्हणून वाळतायत, आणि तुमचं संपत नाही म्हणून खात नाहीत! डोक्यात शिरतंय का?" मी ओरडलेच.

"मग काय करू? त्याच्यासारखं उरकून टाकू?" हे शांतपणे म्हणाले. इतका राग आला मला त्या शांतपणाचा!

थंडीत सासूबाईंना ताप भरला. अंगात काही उरलंच नव्हतं, त्या गेल्या.

ह्यांची कवळी नेमकी तेव्हाच पूर्ण झाली होती. माणसं जमायच्या आत ह्यांनी ती आईच्या तोंडात बसवली. फट अगदी फोटोतल्यासारखी. जो तो म्हणत होता, किती प्रसन्न दिसतायत! भाऊजी रडत रडत म्हणाले, "दादा, काय काम केलंयस!"

सगळं उरकल्यावर मी त्यांचं अंथरूण काढायला गेले. उशीखाली रुमालाची पुरचुंडी होती. आत ती केरात टाकलेली कवळी. म्हातारीने गुपचूप उचलून ठेवली होती. दातांत सफरचंदाची साल अडकलेली, आणि कडेला सुकलेलं रक्त.

मी ती दोघा भावांच्या मध्ये टेबलावर आपटली. "घ्या. सफरचंद ह्याच कवळीने खाल्लं त्यांनी. तुमच्या दोघांच्या नावाने रडत खाल्लं असेल."

मग ह्यांनी कवळी उचलली, उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं.

"इथे टोचत होती बघ."

भाऊजींनीही बोट लावून पाहिलं. "हो रे दादा. एवढंच घासायचं होतं. पाच मिनिटांचं काम."