तेलाच्या रांगेतली मतदारनोंदणी

दुष्काळाच्या त्या साली ऊसच वाळून गेला. कारखान्याचा पट्टा लवकर पडला, गाळप थांबलं आणि दगडाबाईची ऊसतोड टोळी शिमग्याआधीच बैलगाड्या जुंपून नेकनूरजवळच्या आपल्या गावी परत आली. गावात काम एकच, तलावाच्या भिंतीवर माती वाहायचं. आणि खायला रेशनची तांबडी मिलो ज्वारी. भाव असे चढले होते, की फोडणीत तेल थेंबाथेंबानं पडायचं. तरी दगडाबाई खुशीत होती. कित्येक वर्षांनी होळी तिला स्वतःच्या दारात बघायला मिळणार होती.

सोसायटीच्या दुकानात गोडेतेल आल्याची दवंडी झाली, तशी ती आणि तिचा नवरा आसाराम डबा घेऊन रांगेला लागले. दुकानाच्या ओट्यावर शहादेव मास्तर पोतं अंथरून बसले होते. मतदारांची नावं लिहायचं सरकारी काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. घरोघर हिंडून त्यांचे पाय दुखून आले, पण दारं सगळी बंद, माणसं तलावावर. तेल आलं की गाव आपोआप दुकानाशी येईल, असं त्यांनी ताडलं.

गाव आलं, पण मास्तरांकडं कोणी फिरकेना.

"मास्तर, नाव लिवल्यावर तेल सस्तं व्हतं का?" रांगेतून कोणीतरी विचारलं आणि रांग हसली.

"नाही होत," मास्तर म्हणाले. "पण महाग कशानं झालं, हे ज्याला विचारायचं तो माणूस तरी निवडता येतो."

दगडाबाईला मागची निवडणूक आठवली. ठेवणीतलं लुगडं नेसून ती मत टाकायला गेली होती आणि यादीत नाव नाही म्हणून तशीच माघारी आली होती. नावं लिहायला माणूस आला तेव्हा ती नगरकडं ऊस तोडत होती. तिनं हातातला डबा आसारामाकडं दिला.

"कुटं चाललीस? नंबर जाईल," तो म्हणाला.

"तुमी हाव की हितं," म्हणत ती ओट्यापाशी गेली.

मास्तरांनी वय विचारलं. "रझाकाराच्या साली नांदायला आलते," ती म्हणाली. "तवा डोईवर घागर पेलत व्हती." मास्तरांनी बोटांवर हिशेब करून आकडा मांडला आणि राहायचं ठिकाण विचारलं.

"हितंच."

सोसायटीचे चेअरमन मोहनराव शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "मास्तर, ही माणसं निम्मं साल कारखान्यावर असतात," ते म्हणाले. "तिकडंच लिहितील त्यांची नावं." ते गोडीनंच बोलले, पण निवडणुकीच्या आखाड्यात नवे गडी त्यांना नको होते, हे दगडाबाईला कळलं.

"चेरमनसाहेब," ती म्हणाली, "तिकडं राह्यला पाचटाची कोपी असती. पट्टा पडला की मोडून टाकताव. चूल, जातं, लेकीचं म्हायेर, समदं हितं हाय. तिकडचे म्हणत्यात तुमी बीडचे, तुमी म्हणताव तिकडचे. मंग आमी हाव तरी कुटले?"

मोहनरावांनी मिशीवरून हात फिरवला. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. "घर जिथं, नाव तिथं," ते म्हणाले. "नवऱ्याचं नाव सांगा."

दगडाबाईनं पदर पुढं ओढला. "ते काय, डबा घेऊन हुबे हायत. त्यान्लाच इचारा."

आसारामाला डबा रांगेत ठेवून यावंच लागलं. तेवढ्यात टोळीतली कडूबाई रांगेतून आली, तिच्या मागं सुंदरबाई. नवऱ्याचं नाव त्यांच्याही तोंडून निघेना, म्हणून त्यांच्याही नवऱ्यांना हाका गेल्या. बघता बघता सगळं गाव ओट्याभोवती गोळा झालं.

दुकानात तेल मोजणाऱ्या राधाकिशननं मान वर केली, तर समोर नुसतीच डब्यांची रांग.

"तेल न्यायचं का न्हाई बे कुणाला?"

"डब्यात वत की," आसाराम म्हणाला. "डबे काय पळून चाललेत व्हय?"

राधाकिशन कुरकुरत माप घेऊन बाहेर आला आणि डब्यामागून डबा भरत गेला. पैसे त्यानं नंतर घेतले. रेटारेटी नाही, भांडण नाही, सांडलवंड नाही. आणि कधी नव्हे ते तेल शेवटच्या डब्यापर्यंत पुरलं.

पुढं पाऊसकाळ बरा झाला आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. ऊसतोड्यांच्या आळीत कधी पाय न ठेवलेले मोहनराव एका संध्याकाळी दगडाबाईच्या बाजेवर येऊन बसले. तिनं गुळाचा चहा केला. आळीतल्या बाया भोवती जमल्या.

"बाई, आमच्याकडं लक्ष असू द्या," मोहनराव म्हणाले.

"हाय की लक्ष. पर कोयत्यावर जाताना लेकरं संगं न्यावं लागत्यात, साळा बुडती. त्यान्ला गावात ठिवायची सोय करा, मंग बोलू."

"बघतो."

"बगा सावकाश. मत टाकायला आजून येळ हाय."

बाया पदराआड हसल्या. मोहनरावांनाही हसू आवरेना.

दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा पोरं गावातच, सोसायटीच्या मोकळ्या गोदामात राहिली. त्यांना भाकरी करून घालायला कडूबाईची सासू मागं थांबली. वेशीपाशी पोरांनी गाड्यांमागं थोडी पळापळ केली आणि घंटा झाली तशी सगळी शाळेकडं वळली. दगडाबाई गाडीत उभी राहून, पोरं दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.