हॉस्पिटलर म्हणतात मला

मी एक जुना शब्द आहे, आणि सध्या भयंकर चिडलो आहे. माझं नाव हॉस्पिटलर.

मित्रांनो, माझं मूळ एका लॅटिन शब्दात आहे. त्याचा अर्थ पाहुणा, आणि यजमानसुद्धा. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही माझीच भावंडं. मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती मठांमध्ये, दारी येणाऱ्याची काळजी घेणाऱ्या साधूला माझं नाव मिळे. थकलेला वाटसरू असो की तापाने फणफणलेला भिकारी, त्याला आत घ्यायचं, पाय धुवायचे, जेवू घालायचं. एका पंथात तर आजाऱ्यांना ‘आमचे धनी’ म्हणत. काय मान होता माझा!

पुढे लोक मला विसरले. तेही एक वेळ चाललं असतं. पण अमेरिकेतल्या नोव्हाय नावाच्या गावातल्या एका वृद्धाश्रमाच्या मॅनेजमेंटला मी भारदस्त वाटलो. त्यांनी मला रिसेप्शनच्या बिल्ल्यावर छापलं. काम काय, तर लोकांना अडवायचं!

काल संध्याकाळी वसुधाकाकू मऊ भाताचा डबा घेऊन आल्या. त्यांचे पती चंद्रशेखरकाका इथेच राहतात. आताशा ते काकूंशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाहीत.

बिल्ला लावून बसलेली स्वानंदी अमेरिकेतच जन्मलेली. ती म्हणाली, “सॉरी काकू, डिनरच्या टाइमला व्हिजिटर्स अलाऊड नाहीत. रूल आहे.”

“अगं, माझे यजमान आत उपाशी बसलेत!”

स्वानंदी गोंधळली. “यजमान म्हणजे होस्ट ना? पण काकू, होस्ट तर आम्ही आहोत.”

“हो ना? मग तसं वाग की!” काकूंचा आवाज चढला आणि डोळे भरले.

मी तर संतापाने नुसता धुमसत होतो. यजमान आत उपाशी, पाहुणी दारात ताटकळलेली, आणि मध्ये आडवा कोण? मी! अशी बदनामी शत्रूचीही होऊ नये.

स्वानंदीने बिल्ला काढला, टेबलावर उपडा टाकला, काकूंचा हात धरला आणि त्यांना आत घेऊन गेली.

तुम्हाला वाटेल, माझा राग निवळला असेल. मुळीच नाही! माझं काम करायला त्या मुलीला आधी मला काढून ठेवावं लागलं. मित्रांनो, हात जोडून सांगतो, कुणाला माझं नाव द्याल तर दार उघडायची मुभाही द्या. नाहीतर मला पुसून टाका.