उचललेला पाय

काचवाले काका आयुष्यात कुणापुढे वाकले नाहीत आणि आता उतारवयात टीव्हीतला एक बाहुला त्यांना रोज पाण्यात पाडत होता.

म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून व्यायाम शिकवणारं ते केंद्र. व्यायाम कसला, व्हिडिओ गेम! जमिनीवर काळी चटई, समोर भिंतीवर भलामोठा टीव्ही. चटईवर तुम्ही चाललात की पडद्यावरचा लाल टोपीवाला बाहुला जंगलातून चालतो. वाटेत ओंडका आला की पाय उचलून पलीकडे टाकायचा. जमलं तर घंटी वाजते, नाही जमलं तर बाहुला ओढ्यात, डुबुक. काकांचा बाहुला सारखा ओढ्यातच. शेजारच्या चटईवर एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. दोन्ही गुडघे बदललेले, तरी टणाटण घंट्या वाजवत पुढे जायच्या आणि वर काकांना विचारायच्या, आज पाणी गार आहे का म्हणून. काकांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पण येणं भाग होतं. काका स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडले होते. मनगट मोडलं, पाठ धरली, आणि मुलीने त्यांना उचलून आपल्या घरी आणलं. मुलीचं घर तळमजल्यावर, हवेशीर. जावई भला माणूस, नाव ठेवायला जागा नाही. पण ते आपलं घर नव्हे ना. काकांचं घर म्हणजे काचेच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि रस्त्याकडची मोठी खिडकी. त्या खिडकीची काच नवराबायकोने मिळून बसवलेली. बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभी राहायची आणि रस्ता बघता बघता कपाळ काचेला टेकायची. ती गेली, त्याला वर्ष उलटलं. काचेवर तिच्या कपाळाचा पुसट डाग तेवढा राहिला. एरवी काचेवर बोट उमटलं तरी गिऱ्हाइकाला फाडून खाणाऱ्या या माणसाने त्या डागाला फडकं लावलं नव्हतं. मुलीकडे पलंगावर पडल्या पडल्या त्यांना तो डाग आठवायचा आणि जीव तिकडे ओढ घ्यायचा.

मुलीने मात्र स्पष्ट सांगून टाकलं होतं. केंद्रातल्या चाचणीत हिरवा दिवा लागला तर खुशाल घरी जा. लाल लागला तर ती जागा भाड्याने द्यायची आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. तुम्हाला जिन्याखाली पडलेलं मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायची माझ्यात ताकद नाही, असं म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसली. भाडेकरू येणार म्हणजे आधी काय करणार, तर खिडक्या पुसणार.

केंद्रातली थेरपिस्ट वयाने मुलीपेक्षाही लहान, पण नजर घारीची. काकांच्या पायात ताकद होती, तोल बरा होता. मग घोडं अडत होतं कुठे? तिने एक दिवस काकांना बाकावर बसवलं आणि त्यांचाच खेळ पडद्यावर सावकाश लावून दाखवला. ओंडका आला. बाहुल्याने पाय उचलला. आणि पाय तसाच हवेत धरून बाहुला थांबला. मग हेलकावा, मग डुबुक. पुढच्या ओंडक्याला पुन्हा तेच.

"काका," तिने विचारलं, "पाय उचलल्यावर तुम्ही कुणाची वाट बघता?"

काकांनी कुणाचीच नाही म्हणून सांगितलं, चष्मा पुसला आणि त्या दिवशी मास्तरीणबाईंशी न भांडताच घरी गेले. रात्रभर कूस बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी थेरपिस्टला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

मोठी काच दोघांनी न्यायची असते. काका पुढे, बायको मागे, मध्ये काच उभी. पुढच्याला मागचं दिसत नाही आणि काच हातात असताना मान वळवायची सोय नाही. त्यामुळे उंबरा आला, पायरी आली, की काका पाय उचलून थांबायचे. मागून काचेला हलका रेटा यायचा, म्हणजे ती तयार आहे. मग दोघांचे पाय एकदम पडायचे. घाई केली तर काच पिळवटते आणि तडकते. सारा जन्म असा गेल्यावर पायांना दुसरं काय येणार? पुढे पुढे तर हातात काच नसली तरी घरचा जिना चढताना ती मागून त्यांच्या पाठीवर तळवा टेकवायची. तोंडाने एक शब्द नाही. रेटा आला की काका चढायचे.

"त्या दिवशी जिन्यातही मी थांबलो," काका म्हणाले. "रेटा आलाच नाही."

मग काकांनी थेरपिस्टला भीत भीत विचारलं, की तू एकदा मागे उभी राहून पाठीवर हात ठेवशील का. तिने ठेवला. काकांचा बाहुला पहिल्यांदाच ओंडक्यामागून ओंडका ओलांडत सुटला, घंट्यांचा नुसता धडाका. मास्तरीणबाई आपला खेळ सोडून बघायला लागल्या. पण काका थांबले आणि हात काढायला सांगितलं. हात चांगला होता, मायेचा होता, पण तो खांद्यांच्या मध्ये पडत होता. बायको बुटकी. तिचा तळवा कंबरेच्या जरा वर टेकायचा. हे काही त्यांनी थेरपिस्टला सांगितलं नाही.

"घरच्या जिन्यावर मी नसणार काका," ती म्हणाली. "थांबायचं तर आधी थांबा, दोन्ही पाय खाली ठेवून. पण एकदा पाय उचलला, की टाकायचा."

सांगायला काय जातं! काकांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. पाय थांबायचा त्या तेवढ्याशा वेळात बायको मागे असायची. खरोखर असायची. आता घरी जायचं तर तिला जिन्याखालीच सोडून जायचं, असा हा सौदा. ती सवय मोडली तर तिचं आपल्यापाशी उरलं तरी काय? पण खिडकीवरचा डाग डोळ्यांपुढून हलेना. काकांनी दात आवळले आणि चटईवर उभे राहिले. उचलला की टाकायचा. मुलीच्या घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येरझाऱ्या घालून त्यांनी जावयाला भंडावून सोडलं. पाय हवेत गेला की पाठ आपसूक मागे कान द्यायची, आणि काका स्वतःला शिव्या घालत पाय पुढे टाकायचे. प्रत्येक वेळी आतून काहीतरी तुटायचं. हळूहळू बाहुला कोरडा राहायला लागला.

चाचणीत हिरवा दिवा लागला. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि आता मी चिडवू कुणाला, म्हणून डोळे टिपले.

मुलगी त्यांना घरी सोडायला आली. जिना तोच, अरुंद, एका बाजूला कठडा. काका पुढे, मुलगी पिशवी घेऊन मागे, जीव मुठीत धरून. काकांनी कठडा धरला आणि चढायला लागले. उचलला, टाकला. उचलला, टाकला. कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. मुलीचा जीव जरा भांड्यात पडला.

अर्ध्यावर, जिना वळतो तिथल्या चौकोनी जागेवर, काका थांबले. थांबू नका बाबा, थेरपिस्टने काय बजावलंय, असं मुलगी घाईघाईने म्हणाली.

"पाय उचलून थांबायचं नाही, असं बजावलंय," काका म्हणाले. "दोन्ही पाय खाली आहेत, बघ. आता थांबलं तर चालतं."

त्यांनी मान वळवली नाही. कठडा घट्ट धरून, पाठ सरळ ठेवून ते समोरच्या पायरीकडे बघत उभे राहिले. मुलीला काही कळलं, काही कळलं नाही. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि तीही मागे थांबली.