परतीचा आदेश

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. परराष्ट्र खात्यातल्या त्या अरुंद खोलीत वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. समोर त्यांचा धाकटा दीर, सरकारची निवेदने आणि टिपणे लिहिणारा. थोरल्या भावाला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला, सीमेपलीकडच्या बंदूकवाल्यांनी आठ दिवसांपूर्वी ओलीस धरले होते. मागणी एकच : आमच्या मुलखातून तुमचे सैन्य काढा. मुदत उद्या दुपारपर्यंत.

"बोललं का कोणी त्यांच्याशी, भाऊजी?"

"बोलायचं नाही, असं धोरण आहे."

"तुम्ही दोघं भाऊ वर्षभर बोलत नव्हतात. तेही धोरणच होतं वाटतं!"

तो हसला नाही. "आज ऐकलं, तर उद्या आणखी दहा जणांना उचलतील, वहिनी."

"त्या दहांच्या शर्टांना मी इस्त्री करत नाही."

वाक्ये त्याच्याकडे पुष्कळ होती, नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. तहान भागवणारे एकही नव्हते. मग जे सांगायचे नव्हते तेच तो सांगून बसला.

"सैन्य तसंही परत येणार होतं. पुढच्याच महिन्यात. आदेश तयार होता."

वहिनी पुढे सरकल्या. "मग?"

"मागणी आली. आता बोलावलं तर धमकीला भ्यालो, असं दिसेल. म्हणून वर्षभर पुढे ढकललं."

"जे करायचंच होतं, ते त्यांनी मागितलं म्हणून करायचं नाही? अहो, पोरं रुसतात अशी!"

"पुढे ढकलावं, हे टिपण मीच लिहिलं." त्याने टेबलावरच्या कागदाकडे बोट केले. "तेव्हा ओलिसांची नावं आली नव्हती."

वहिनींनी कागद जवळ ओढला. त्यांचे बोट खालच्या सहीवर आणि तारखेवर थांबले.

"नावं सोमवारी आली. तुम्हीच फोन केलात मला. साहेबांची सही बुधवारची आहे." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "मधल्या दोन दिवसांत हे मागे घेता येत होतं?"

येत होते. एका ओळीची चिठ्ठी पुरली असती. पण स्वतःचा भाऊ अडकताच याची अक्कल फिरली, असे कुणी म्हणेल, या धास्तीने ती ओळ त्याच्या हातून कागदावर उतरली नव्हती.

"भाऊजी, मी विचारतेय."

त्याने त्यांच्या हाताखालचा कागद हलकेच सोडवला, फाईलमध्ये ठेवला, आणि दार उघडून तो साहेबांच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या दिशेने चालू लागला.