काजळीत रुतलेला सातवा

मित्रांनो, गॅरेजच्या खिडकीत खिळ्यांच्या डब्याशेजारी बोटभर लांबीचा काळवंडलेला तुकडा पडलाय ना, तो मी. मी एक जुना स्पार्क प्लग आहे. उभं राहवत नाही, म्हणून आडवाच बोलतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. डोक्यावर पांढरीशुभ्र चिनीमाती, कमरेला आटे आणि आट्यांखाली लांबलचक पोकळ पाय. हा पाय वेगळा घडवून मागून जोडलेला. जन्माची खोट ती एवढीच. पण नव्या अंगाला खोट कुठे दिसते?

एका ट्रकच्या पेट्रोल इंजिनात आम्ही आठ भावंडं बसलो, ज्याच्या त्याच्या खोल विहिरीत. मी सातवा. काम एकच, ठिणगी पाडायची. मिनिटाला हजारदा, चढ लागला की त्याहून जास्त. ट्रकचे म्हातारे मालक रोज सकाळी इंजिन सुरू झालं की पत्र्यावर थाप मारत. म्हणत, "शाब्बास रे पोरांनो!" ती थाप आम्हा आठही जणांना पोचायची.

पुढे त्यांची नजर अधू झाली आणि चाक मुलाच्या हाती आलं. मुलगा वाईट नव्हता, पण सदा घाईत. "चालतंय ना? मग चालू दे," हे त्याचं पालुपद. वर्षांमागून वर्षं गेली. माझ्या पायाभोवती काजळी साचली, साचली आणि दगड झाली. ठिणगी कधी पडे, कधी नुसतीच चुकचुके. फार दमलो होतो, मित्रांनो. पण दमलेल्याला उठताही येईना.

एका सकाळी ट्रक धापा टाकत मावशींच्या गॅरेजात शिरला. मावशी म्हणजे इथल्या मिस्त्री. केसांत पांढरं, नखांत काळं.

"मावशी, आठही प्लग बदला. तासाभरात निघायचंय, बाबांना गावाहून इकडं राहायला आणायला."

"दोनदा जाऊन आलास ना?"

"आलो ना! मी सामान उचलायला लागलो की ते दाराची चौकट धरून बसतात. आज उचलूनच आणणार. एकटे किती दिवस राहतील तिथं?"

"बरं. आधी इंजिन निवू दे."

"निवायला वेळ कुठाय?" म्हणत त्यानं स्वतःच पाना उचलला आणि आमच्यातल्या तिसऱ्याला हिसका दिला. कट्! वरचं अंग पान्यात आलं, पाय आतच राहिला.

"झालं समाधान?" मावशी म्हणाल्या. "आता तो पाय निघाला नाही, तर अख्खं इंजिन उघडायचं. आठवडाभर ट्रक इथंच."

"आठवडा? आणि बाबा?"

"ते कुठं पळतायत? चौकट धरून बसलेत म्हणालास ना!"

तो टायरवर बसला. इंजिन निवलं. मावशींनी बारीक आट्यांचं एक हत्यार आत सोडून तिसऱ्याचा पाय कसाबसा ओढून काढला, तोवर दुपार झाली. मग त्या एकेकाकडे वळल्या. जरासं फिरवायचं, तेल सोडायचं, थांबायचं. थांबताना त्या गुणगुणत.

रुतल्याला ओढू नये, आधी तेल घालू बाई,
दमल्याच्या गाठीला गं, सुटायची नाही घाई.

माझी पाळी आली. पाना बसला आणि मी कर्रकन ओरडलो. मावशींनी तिथंच हात थांबवला, उलटा फिरवून मला परत जागेवर बसवलं.

"मावशी, मागं कशाला?" मुलानं विचारलं. त्याच्या हातात दिवा होता.

"हा फार रुतलाय रे. इतकी वर्षं एका जागी बसलेल्याला विचारून हलवायचं. थोडं पुढं, पुन्हा मागं. परत बसता येईल, असं त्याला वाटलं पाहिजे. मग तो आपणहून सुटतो."

मुलानं दिवा आणखी जवळ धरला.

तेल पाझरत पायापर्यंत आलं. पुढे, मागे. पुढे, मागे. कितव्या खेपेला कोण जाणे, मी सुटलो. अखंड.

मुलानं मला तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. मग फोन लावला. "बाबा, येतोय. नाही, न्यायला नाही. राहायला. चार दिवस तुमच्याकडेच." जरा थांबून म्हणाला, "हो, गादी माझी मी आणतो."

आठ नवे प्लग बसले, इंजिन गुळगुळीत आवाजात सुरू झालं. मावशींनी त्यांचं कौतुक केलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दहाव्या दिवशी तोच ट्रक गॅरेजसमोर आला. आतून खणखणीत ओरडा ऐकू आला, "अरे, दुसऱ्या गिअरमध्ये टाक! इंजिन रडतंय!" दार उघडलं. कुणीतरी चाचपडत खाली उतरलं आणि पत्र्यावर थाप पडली. "शाब्बास रे पोरांनो!"

ती थाप नव्यांसाठी होती. पण खिडकीची काच थरथरली, अन् थोडी मलाही पोचली.

मित्रांनो, फार दिवस एका जागी बसलेल्याची वेळेवर विचारपूस करा. वेळ टळलीच असेल, तर निदान हिसका देऊ नका. आणि सगळं सुरळीत चाललं असेल, तेव्हाही पत्र्यावर एक थाप मारत जा. आत कोण कोण राबतंय, ते बाहेरून दिसत नाही.