अर्धा तास पुढे चालणारा कॉम्प्युटर

आमच्या केळी सोसायटीचे कॉम्प्युटर दोन. एक सावद्याला माझ्या लताअक्काच्या टेबलावर, त्यात कोणाची केळी कधी कापायची त्याचे नंबर. दुसरा जळगावच्या ऑफिसात, पहिल्याची नक्कल ठेवायला. रोज पाचला अक्का फोनच्या तारेवरून नवे नंबर तिकडे पाठवते. "एक बसला तरी दुसरा आहे!" असं अक्का ऐटीत सांगायची.

मंगळवारी पहिला खरंच बसला. जळगावहून यादी मागवली, तर अकरा जणांची नावंच नाहीत! वॅगन उभी, केळी झाडावर आणि ऑफिसात नुसता आरडाओरडा. बुधवारी मशीन दुरुस्त झालं, पण चेअरमन नथ्थूनानांनी सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत याद्या जुळल्या तर ठीक. नाहीतर जुनं रजिस्टर बरं, अन् लताबाई, तुम्ही घरी बसा."

अक्का जेवलीच नाही.

"दोन्ही याद्या छापून दे," मी म्हटलं. दहावीत असले म्हणून काय, सुट्टीत महिनाभर कॉम्प्युटरचा क्लास केलाय मी!

"तू? तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत!"

पण दिल्या. पेन्सिल घेऊन बसले आणि ओरडलेच. गळालेलं प्रत्येक नाव पाच ते साडेपाचमध्ये नोंदवलेलं! शेवटच्या एस.टी.ने येणारी माणसं ही.

"त्यांचे नंबर दुसऱ्या दिवशी जायला हवेत ना?"

"हवेत," अक्का म्हणाली. "फोन लागला की जळगावचं मशीन विचारतं, माझ्या मागच्या नकलेनंतर नवं काय? तेवढंच घेतं."

मागच्या नकलेनंतर. म्हणजे कोणाच्या घड्याळाप्रमाणे?

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी जळगावची एस.टी. धरली. ऑफिसात पोचले तेव्हा माझ्या घड्याळात दीड, भिंतीवर दोन. तिथे शिपाई जीवरामआबा, अमळनेरकडचे.

"आबा, घड्याळ पुढे आहे."

"मीच ठेवेल शे! मनी सहाची गाडी आजलोंग चुकनी नही, बेटा. बठ्ठा घड्याळं पुढे शेतस." "बठ्ठा म्हणजे सगळी?" मी विचारलं. आबा कॉम्प्युटरकडे बोट दाखवून, हसून, "त्यालेबी शिकाडं!"

मला नाचावंसं वाटलं. पाचला नक्कल झाली की हे मशीन साडेपाच लिहून ठेवायचं. मग मधल्या अर्ध्या तासातली माणसं त्याला जुनी वाटायची!

मशीनचं घड्याळ नीट केलं, जुनी नक्कल पुसली आणि पहिल्यापासून सगळी यादी मागवली. मोडेम किंचाळत राहिला. मी नखं खात राहिले. मग अक्काला फोन लावला.

"तुझ्याकडे किती?"

"चारशे बारा. तुझ्याकडे?"

मी दोनदा बघितलं. "चारशे बारा! आणि ते अकराही आहेत!"

पलीकडे खुर्ची सरकली. नथ्थूनानांचा आवाज आला, "पोरी, हे रोज असंच राहील का?"

"राहील नाना. फक्त त्या मशीनच्या घड्याळाला कोणी हात लावायचा नाही."

"ऐकलं का लताबाई? हे कागदावर लिहा, अन् तुमच्या सहीनं जळगावला पाठवा."

अक्काची सही! म्हणजे अक्का सोमवारीही त्याच टेबलावर.

आबा खट्टू होऊन उभे होते. मी म्हटलं, "भिंतीवरचं राहू द्या आबा. तुमची गाडी चुकायला नको."