बियांचं झाड

निवृत्त बसचालकाच्या अंगणात यंदा पहिल्यांदाच सफरचंदं धरली, आणि त्याची बायको झाडाखालून जाणं टाळू लागली.

तिच्या वडिलांच्या बागेत एक झाड होतं. फळ ओबडधोबड, साल तपकिरी, खरखरीत. दुकानात कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण चव मधासारखी. पुढे बाग विकली, झाड तुटलं. शेवटचं फळ दोघांनी वाटून खाल्लं आणि नवऱ्याने त्याच्या बिया कुंडीत पुरल्या. "तुझं सफरचंद तुला परत देतो की नाही बघ."

ती बागवानाची लेक. बीतून मूळ झाडासारखं फळ येत नाही, त्याला त्याच झाडाची फांदी कलम करावी लागते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण नोकरी संपल्यापासून नवरा घरात हरवल्यासारखा फिरायचा. त्या रोपाने त्याला सकाळी उठायला कारण दिलं. तिने तोंडाला कुलूप लावलं, ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं.

आता फळं लालचुटुक झाली तरी तो काढेना. "तपकिरी होऊ दे," म्हणे.

"होतील रे दादा, पुढच्या जन्मी," शेजारी राहणारी नणंद कुंपणापलीकडून म्हणाली.

शेवटी एक फळ आपणच गळलं. त्याने ते धुतलं, चार फोडी केल्या आणि बशी बायकोपुढे धरली.

तिने फोड तोंडात टाकली. आंबट, डोळेच मिटले. मग मागून गुलाबासारखा हलका वास आला.

"तेच ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मग तो गल्लीभर सांगत सुटला असता, आणि तिला जन्मभर मान डोलवावी लागली असती.

"ते नाही हो. बीतून तेच कधी येत नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं."

तो पायरीवर बसला.

"मग इतकी वर्षं पाणी का घालू दिलंस?"

"घालताना तुम्ही गुणगुणायचात."

त्याने बशीकडे पाहिलं. "मग हे कुठलं?"

"कुठलंच नाही. हे आजवर कुणी खाल्लेलंच नाही."

त्याने एक फोड खाल्ली. तोंड वेडंवाकडं झालं. "आंबट आहे गं."

"आहे. सावकाश खा."

दुसरी त्याने न सांगता उचलली. शेवटच्या फोडीकडे हात गेला, तेव्हा तिने बशी ओढली.

"ही माझी. वन्संना झाडावरचं काढून द्या."

तो शिडी आणायला उठला.